रजेचे नऊ दिवस उरलेत

प्रश्न : सोलापूर शहरात सासू-सासरे आणि दोन मुलांसह राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. त्यांचे यजमान पायदळात नाईक आहेत, नोकरीला १२ वर्षं झाली. वर्षभरापूर्वी कंपनीला नवे कमांडर आले आणि घरी येणाऱ्या फोनचा सूर बदलला. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेसाठी तीनदा रजा मागितली, मिळाली नाही. आता मिळाली, तर रात्री अडीचला उठून गच्चीवर बसतात, अर्धी भाकरी ताटात राहते, मुलांवर खेकसतात. खोदून विचारल्यावर थोडं थोडं बोलले. लागोपाठ तीन-तीन रात्री गार्ड, संध्याकाळच्या गिनतीत, म्हणजे हजेरीला, बुटाची लेस सैल म्हणून सगळ्यांसमोर आईवरून शिवी, साहेबांच्या क्वार्टरची रंगरंगोटी, एका नव्या पोराच्या सर्वांदेखत कानाखाली. कशाबद्दलही विचारलं की 'साहेबांचा हुकूम आहे' एवढंच ऐकायला मिळतं. आता म्हणतात, 'मी परत जात नाही.' निवृत्त हवालदार असलेले चुलत दीर म्हणतात, 'फौजेत असंच असतं, रगडा खाल्ल्याशिवाय जवान घडत नाही.' भाचा म्हणतो, व्हिडिओ करून टाकू. शेजारी म्हणतात, आमदारांचं पत्र आणू. रजेचे नऊ दिवस उरलेत. 'मी कुणाचं ऐकू?' असं ताई विचारतात.

उत्तर : ताई, तिघांचंही आत्ता ऐकू नका. कुणी वाईट बुद्धीनं बोललेलं नाही, हे खरं. पण भाच्याच्या आणि शेजाऱ्यांच्या सल्ल्यानं तुमच्या यजमानांची बाजू चार दिवसांत लंगडी होईल, आणि दिरांच्या सल्ल्यानं ती कधी मांडलीच जाणार नाही.

साहेबांचा विषय थोडा बाजूला ठेवून आधी घरातल्या माणसाकडे बघू. झोप तुटणं, भूक जाणं, चिडचिड हे सगळं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, की त्याला नुसता थकवा म्हणता येत नाही. आज रात्री मुलं झोपल्यावर त्यांच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' असं विचारल्यानं नसलेला विचार मनात येईल ही भीती खोटी आहे. बहुतेकांना कुणीतरी विचारलं म्हणून हायसंच वाटतं. उत्तर 'हो' आलं, किंवा ते गप्प राहिले आणि डोळे भरून आले, तर रजेचे दिवस मोजत बसू नका. त्यांना एकटं सोडू नका आणि लगेच सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात न्या. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र सुरू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. सोलापूरहून गाठता येण्यासारखं मोठं लष्करी रुग्णालय म्हणजे पुण्याचं कमांड हॉस्पिटल. रजेत आजारी पडलेल्या जवानानं सरकारी किंवा लष्करी दवाखान्याचाच कागद घ्यावा आणि रजा संपायच्या आत युनिटला कळवावं. गल्लीतल्या खाजगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर विसंबून मुक्काम वाढवलेल्या अनेकांना पुढं ती चिठ्ठी उपयोगी पडलेली नाही.

इथं ते एक अडचण सांगतील. 'मनाचं दुखणं लागलं तर कॅटेगरी जाईल.' फौजेत प्रकृतीची वर्गवारी 'शेप' अक्षरांनी होते, त्यातलं पहिलं अक्षर मनाच्या स्वास्थ्याचं. ते खाली गेलं तर काही काळ ड्युट्यांवर मर्यादा येतात, बढतीवरही परिणाम होऊ शकतो. हे मी लपवणार नाही. पण कॅटेगरीची ठरावीक मुदतीनं पुन्हा तपासणी होते, ती वर येऊ शकते. आणि परत गेल्यावर रात्रीच्या गार्डला त्यांच्या हातात भरलेली रायफल असणार आहे. मनात काळा विचार असेल, तर युनिटच्या डॉक्टरला, म्हणजे आर.एम.ओ.ला ते आधी कळलंच पाहिजे, म्हणजे काही दिवस हत्यार दूर राहील.

उत्तर 'नाही' असेल, तर दुसरी गोष्ट. रजा संपण्याआधी त्यांनी हजर व्हायचंच.

हे कडू वाटेल, म्हणून कारण नीट सांगते. आज तुमचे यजमान फिर्यादी आहेत. रजा संपून एक दिवस वर गेला की ते आरोपी होतात. आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम ३९ मध्ये रजेवरून योग्य कारणाशिवाय उशिरा परतणं हा गुन्हा आहे, त्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गैरहजेरीचे ३० दिवस झाले की कलम १०६ खाली कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. पळून गेल्याचा ठपका बसला, तर आधीच्या १२ वर्षांच्या सेवेवरही त्याची सावली पडते. मग चौकशीत शिव्यांबद्दल कुणी विचारणार नाही, 'अमुक तारखेला कुठं होतास' एवढंच विचारलं जाईल. छळणाऱ्याच्या हातात आपली चूक आपणहून द्यायची नाही, हे त्यांच्याशी बोलताना पुन्हा पुन्हा सांगा. तिकीट काढतानाच एक दिवस हातचा ठेवा. कर्नाटक एक्स्प्रेसला उशीर झाला आणि दिल्लीहून पुढची गाडी चुकली, ही सबब रजेच्या कागदावर लिहिता येत नाही.

आता दीर म्हणतात त्याबद्दल. फौजेत रगडा असतो, हे त्यांचं खरं आहे. फायरिंगच्या आधी झोप कमी मिळते, पूर्ण सामान पाठीवर घेऊन ५ किलोमीटर पळावं लागतं, बंदोबस्त वाढला की सगळ्यांची रजा अडते. वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस किरकोळ रजा नियमात आहे, पण तो हक्क नाही. गरज पडली की नाकारता येते, अर्ध्यातून परतही बोलावता येतं. गड्ड्याला रजा मिळाली नाही एवढ्यावरून साहेब वाईट ठरत नाहीत. त्या महिन्यात कंपनीची नफरी, म्हणजे हजर माणसं, किती होती, बाकी किती जणांना रजा मिळाली, हे आधी आठवायला सांगा.

कडक साहेब आणि छळणारा साहेब वेगळे ओळखता येतात. अमेरिकी लष्करानं २०१२ च्या आपल्या नेतृत्वविषयक पुस्तिकेत 'विषारी नेतृत्व' असा शब्द अधिकृतपणे घातला, २०१९ मध्ये तो बदलून 'उलट परिणाम करणारं नेतृत्व' असा केला. त्यांच्याच एका कर्नलनं, जॉर्ज रीड यांनी, २००४ मध्ये तीन खुणा सांगितल्या होत्या. हाताखालच्या माणसांच्या बऱ्यावाइटाची पर्वा नसणं, वागण्यानं सगळ्या तुकडीचं वातावरण नासणं, आणि हा माणूस जे करतो ते स्वतःसाठी करतो अशी हाताखालच्यांची खात्री होणं. रीड यांचं म्हणणं असं की एका प्रसंगावरून कुणाला विषारी म्हणू नये, दीर्घकाळ साचलेला परिणाम बघावा. आपल्याकडची कसोटी तर त्याहून जुनी आहे. डेहराडूनच्या भारतीय सैनिकी अकादमीच्या उद्‌घाटनाला, १० डिसेंबर १९३२ रोजी, भारतातले तेव्हाचे ब्रिटिश सरसेनापती चेटवुड यांनी सांगितलेला क्रम आजही प्रत्येक अधिकाऱ्याला पाठ असतो: आधी देश, मग हाताखालचे जवान, सर्वांत शेवटी स्वतः. म्हणून तुमच्या यजमानांनी प्रत्येक प्रसंगाला एकच प्रश्न लावावा, ह्यातून कुणाचं भलं झालं? पहाटे ४ ला उठवून पळवलं आणि साहेब स्वतः रांगेत पळत होते, तर तो रगडा. क्वार्टर रंगवून घेतलं, त्यात कंपनीचं काहीच भलं नाही. गिनतीत चूक दाखवून समजावलं तर ती शिस्त. आईवरून शिवी दिली, तर त्यानं बुटाची लेस नीट बांधली जात नाही. आणि हात उचलणं तर कुठल्याच शिस्तीत बसत नाही. कलम ४७ प्रमाणं हाताखालच्याला मारहाण किंवा छळ केल्यास अधिकारी असो, जे.सी.ओ. (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) असो की हवालदार, कोर्ट मार्शलमध्ये ७ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ही गोष्ट दिरांनाही वाचून दाखवा. त्यांनी ते सोसलं म्हणून ते कायदेशीर झालं नाही.

आणखी एक खूण. फौजेतली खरी शिक्षा कागदावर असते. कलम ८० खाली कमांडिंग ऑफिसर (सी.ओ.), म्हणजे सगळ्या पलटणीचा प्रमुख, जवानाला २८ दिवसांपर्यंत कैद, १४ दिवसांच्या पगारापर्यंत दंड, जादा गार्ड किंवा ड्युटी देऊ शकतो. पण त्याआधी आरोप सांगावा लागतो, जवानासमोर सुनावणी घ्यावी लागते, त्याला साक्षीदाराला प्रश्न विचारता येतात आणि आपले साक्षीदार आणता येतात. शिक्षेची नोंद होते. ज्या 'शिक्षेची' कुठंच नोंद नाही, फक्त गिनतीत तोंडी सांगितलं आणि तीन रात्री उभं केलं, तिच्याबद्दल विचारायला जागा आहे.

पण ताई, तुमच्या पत्रातल्या एका शब्दापाशी मी अडखळले. 'साहेबांचा हुकूम आहे' असं यजमानांना कोण सांगतं? स्वतः कंपनी कमांडर, की कंपनी हवालदार मेजर? रजेचे तीन अर्ज दिले, म्हणजे नेमके कुणाच्या हातात दिले? कंपनीत शंभराहून जास्त माणसं असतात आणि कमांडरपर्यंत जाणारी वाट हवालदार मेजर, प्लॅटूनचे जे.सी.ओ., सिनियर जे.सी.ओ. अशा दारांतून जाते. त्यातल्या एखाद्या दारात अर्ज अडतो आणि खाली निरोप येतो, 'साहेबांनी नाही म्हटलं.' कधी साहेबांनी तो अर्ज बघितलेलाही नसतो. गार्डची यादी बहुतेकदा हवालदार मेजरच लावतो. तुमच्या बाबतीत शिवी आणि कानाखाली कमांडरनं स्वतः दिली असेल, तर गोष्ट वेगळी. पण रजा आणि गार्ड ह्यांमागचा हात कुणाचा, हे न कळता तक्रार लिहिली तर ती चुकीच्या माणसावर जाईल. हे नऊ दिवस त्यासाठी वापरा. रोज संध्याकाळी अर्धा तास दोघं बसा आणि आठवून आठवून लिहून काढा.

कसं लिहायचं ते सांगते. शंभर पानी साधी वही घ्या. 'साहेब सतत त्रास देतात' ह्या वाक्याची चौकशी कुणालाच करता येत नाही. 'अमुक तारीख, मंगळवार, संध्याकाळची गिनती, साधारण साडेसहा. बुटाची लेस सैल होती म्हणून मला हे शब्द वापरले. डाव्या-उजव्या बाजूला हे दोघं उभे होते.' ह्याची होते. शब्द कितीही घाण असले तरी जसेच्या तसे लिहा. स्वतः पाहिलेलं एका बाजूला, कुणी सांगितलेलं दुसऱ्या बाजूला. नव्या पोराच्या कानाखाली मारलेलं यजमानांनी डोळ्यांनी पाहिलं का, हे त्यात स्पष्ट हवं. तारीख आठवत नसेल तर 'पगाराच्या दोन दिवस आधी' असं लिहा, अंदाजानं तारीख ठोकू नका. कारण कलम ५६ प्रमाणं तक्रारीत जाणूनबुजून खोटं लिहिलं किंवा महत्त्वाची गोष्ट दडवली तर ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. खरं बोलणाऱ्याला त्या कलमाची भीती नाही, रंगवून सांगणाऱ्याला आहे. गार्डच्या रात्रींची फक्त तारीख आणि वेळ लिहा. रजिस्टरचा फोटो काढू नका, चोरून आवाज टेप करू नका. रजिस्टर युनिटमध्येच असतं, चौकशी झाली की तेच पुरावा होतं. आणि वहीत युनिट कुठं आहे, चौकी कुठली, किती माणसं, कोणती हत्यारं, ह्यातलं एक अक्षरही नको. वही घरीच राहील.

परत गेल्यावर पहिल्या आठवड्यात अर्जी रिपोर्ट. फौजेतला हा रोजचाच रस्ता आहे, जवान प्लॅटूनमार्फत कंपनी कमांडरसमोर उभा राहून आपलं म्हणणं सांगतो. गाऱ्हाणं खालच्या दारांबद्दल असेल, तर हाच पुरेसा ठरू शकतो. कमांडरबद्दलच असेल, तर सुभेदार मेजर साहेबांना एकट्यानं भेटून कमांडिंग ऑफिसरची मुलाखत मागायची. सुभेदार मेजर हा बटालियनचा सर्वांत ज्येष्ठ जे.सी.ओ., त्याचं सी.ओ.कडे थेट जाणं-येणं असतं आणि बरीच गाऱ्हाणी तिथंच मिटतात. सैनिक संमेलनात सगळ्यांसमोर उठून साहेबांचं नाव घेऊ नये. चारचौघांत बोट दाखवलं की वरिष्ठही आधी कंपनीची इज्जत सांभाळतात, माणूस मागं पडतो.

तोंडी सांगून भागलं नाही, तर लेखी. कलम २६ प्रमाणं वरिष्ठाकडून अन्याय झाला असं वाटणारा जवान आपल्या कंपनी कमांडरकडे तक्रार करू शकतो, आणि तक्रार त्याच्याचविरुद्ध असेल तर त्याच्या वरच्याकडे. ज्याच्याकडे तक्रार येते त्यानं शक्य तितकी पूर्ण चौकशी करावी किंवा वर पाठवावी, असं त्याच कलमात आहे. तक्रार एका पानाची असावी. घटना तारखेप्रमाणं, त्याबद्दल आधी कुणाला केव्हा सांगितलं, आणि शेवटी काय दाद हवी. हे शेवटचं अनेक जण लिहायचं विसरतात, किंवा रागानं 'साहेबांना शिक्षा करा' असं लिहितात. शिक्षा वरचे ठरवतील. यजमानांनी आपल्यासाठी मागावं: गार्डचा रोस्टर सर्वांना सारखा लागावा, रजेच्या अर्जावर लेखी उत्तर मिळावं, किंवा दुसऱ्या कंपनीत बदली व्हावी. मागणं असं सोपं असलं की वरच्यांना ते मान्य करणंही सोपं जातं. तक्रार दिल्याची तारीख आणि कुणी घेतली हे टिपून ठेवायचं.

तक्रार एकट्याच्या सहीची हवी. पाच जणांनी मिळून सह्या केल्या तर बळ वाढेल असं आपल्या मुलकी डोक्याला वाटतं, कारखान्यात तसंच चालतं. फौजेत सामूहिक तक्रारीला मनाई आहे, तिच्याकडे बंडाच्या संशयानं बघितलं जातं. त्या नव्या पोराला म्हणायचं असेल तर त्यानं आपलं वेगळं लिहावं. निनावी चिठ्ठीवर सहसा काही होत नाही.

तक्रारीनंतरचे दोन-तीन महिने जपून. केस, दाढी, गणवेश, वेळ ह्यात एकही खोट राहू द्यायची नाही, दारूला हात लावायचा नाही, उलट उत्तर द्यायचं नाही. डिवचलं जाईल, कारण वरिष्ठावर हात उचलला गेला की कलम ४० लागतं आणि सगळी बाजी पालटते. क्वार्टर रंगवायला पुन्हा सांगितलं तर जागेवर नकार देऊन भांडण ओढवून घेऊ नये. करावं, त्या रात्री लिहून ठेवावं. मात्र दुसऱ्याला मारायला किंवा खोट्या कागदावर सही करायला सांगितलं, तर तिथं 'नाही साहेब' म्हणायचं, कारण कायद्यानं पाळायचा असतो तो कायदेशीर हुकूम.

सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं नाव तुम्ही ऐकलं असेल, त्याचं एक पीठ मुंबईला आहे. आधी फौजेतली वाट पूर्ण करावी लागते. दिलेल्या अर्जावर ६ महिने निर्णय झाला नाही, तरी तिथं जाता येतं. पण रजा आणि बदली हे विषय त्या न्यायाधिकरणाच्या कक्षेबाहेर आहेत. म्हणून 'रजा दिली नाही' एवढ्यासाठी कुणी वकील फी मागत असेल तर पैसे वाचवा.

व्हिडिओबद्दल भाच्याला शांतपणे सांगा. २०१७ च्या जानेवारीत सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानानं जेवणाचा व्हिडिओ टाकला, देशभर चर्चा झाली, आणि एप्रिलमध्ये तो बडतर्फ झाला. त्याचं म्हणणं खरं की खोटं हा वाद बाजूला ठेवला तरी नोकरी गेली ती गेलीच. सैन्यात परवानगीशिवाय माध्यमांकडे जाणं आर्मी रूल २१ च्या विरुद्ध आहे, आणि नातेवाइकाच्या खात्यावरून टाकलं म्हणून जवान सुटत नाही. आमदारांच्या पत्राचंही तसंच. नोकरीच्या बाबतीत बाहेरचं वजन आणणं नियमात बसत नाही, उलट ते जवानाच्याच खात्यावर मांडलं जातं. तक्रारीच्या सरकारी पोर्टलवरही खात्यातली वाट पूर्ण केल्याशिवाय नोकरीच्या तक्रारी घेत नाहीत.

मग तुम्ही हात बांधून बसायचं का? नाही ताई. जवानाच्या बायकोचं पत्र कमांडिंग ऑफिसरला जाऊ शकतं आणि ते वाचलं जातं. त्यात साहेबांचा विषय काढू नका, तो यजमानांनीच काढायचा आहे. तुम्ही घरचं लिहा: झोप लागत नाही, जेवण तुटलंय, मला काळजी वाटते, डॉक्टरांना दाखवावं ही विनंती. दोन परिच्छेद, खाली तुमची सही, रजिस्टर पोस्टानं. पत्र जाणार हे यजमानांना आधी सांगा, त्यांच्या पाठीमागं नको. सोलापूरचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय नोकरीतल्या जवानांच्या कुटुंबांसाठीही आहे. युनिटमधला छळ त्यांच्या अखत्यारीत नाही, पण सासऱ्यांच्या शेताचा बांध, घराची नोंद असं एखादं घोंगडं भिजत पडलं असेल तर तिथं घेऊन जा. घरची एक चिंता कमी झाली की यजमानांना तिकडं तेवढंच बळ.

आणि नोकरी सोडण्याचं. त्यांच्या मनात ते आहे, म्हणून आकडा समोर ठेवा. जवानाला निवृत्तिवेतन मिळायला १५ वर्षांची सेवा लागते. १२ झालीत, आणखी ३ हवीत. स्वतःच्या अर्जावर आधी बाहेर पडता येतं, ग्रॅच्युइटी मिळते, पण दरमहाचं पेन्शन नाही. कंपनी कमांडर आणि सी.ओ. दोघंही साधारण दोन-तीन वर्षांत बदलतात, तुमच्या साहेबांचं एक वर्ष सरलंय. जीव मुठीत धरून ३ वर्षं काढा असं मी म्हणणार नाही. दुसरी कंपनी, पलटणीबाहेरची नेमणूक, एखादा कोर्स, हे मधले रस्ते अर्जी रिपोर्टला मागता येतात. ते मागून बघितल्यावरच राजीनाम्याचं बोला, आणि ते बोलणं रजेच्या शेवटच्या रात्री नको.

ते गेल्यावर फोनवर 'आज साहेब कसे वागले' असं विचारू नका, आसपास माणसं असतात, त्यांना बोलता येत नाही. 'काल किती तास झोपलात?' एवढंच विचारा आणि तो आकडा घरच्या वहीत तारखेसमोर लिहा. लागोपाठ तीन-चार दिवस आकडा चारच्या खाली आला आणि त्या रात्री गार्ड नव्हता, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आर.एम.ओ.कडे जायचं, हे आजच दोघांत ठरवून ठेवा.